फेजला 'जीवाणुभक्षक' म्हणावं का?

मांजराकाठ (लातूर):
बारावीच्या लेकरांसाठी आतड्यातल्या सूक्ष्मजीवांवर चार पानं मराठीत लिहितेय. बॅक्टेरियोफेजला, म्हणजे जीवाणूंत शिरणाऱ्या विषाणूला (थोडक्यात फेजला), 'जीवाणुभक्षक' लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्याला तोंड कुठंय?" मी अडले. हा विषाणू जीवाणूला खातच नाही. त्याला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती करून घेतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. आतड्यातले कितीतरी फेज तर फोडतही नाहीत. जीवाणूच्या जनुकांत शिरून पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहतात. त्यांना भक्षक कसं म्हणू?

सेलूकर:
फेज शोधणाऱ्या फेलिक्स देरेल या शास्त्रज्ञानं १९१७ साली ग्रीकमधल्या 'खाणे' या धातूवरूनच हे नाव ठेवलं. रूढ शब्द मोडू नये. गंजानं पत्रा खाल्ला म्हणतोच की आपण. गंजाला कुठं तोंड असतं?

मांजराकाठ:
गंजानं पत्रा झिजतो तरी. गप्प बसलेल्या फेजनं काहीच झिजत नाही.

उमरगेकर:
त्या गप्प फेजला 'उपरी' म्हणा. जुन्या कागदांत मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला, आणि उपरी असे दोन असत. बाहेरून आलेला, गावात जमीन कसणारा, पण वतन नसलेला तो उपरी.

मांजराकाठ:
शब्द फार आवडला. पण जीवाणू दुभंगला की फेजचा डीएनए दोन्ही लेकींत उतरतो. वर तसल्याच दुसऱ्या फेजला तो आत पाय ठेवू देत नाही. हा तर मिरासदारच झाला! पटकीच्या जीवाणूकडं विषाची जनुकं आहेत तीही फेजनंच आणलेली, हे १९९६ साली कळलं.

दुधनाकाठ:
पटकी! पटकन माणूस जायचा म्हणून पटकी, असं आमची आजी सांगायची.

सेलूकर:
ही ऐकीव व्युत्पत्ती झाली, आधार काय? आणि पुस्तकात 'पटकी'च लिहा, कॉलरा नको.

उमरगेकर:
आमच्याकडं म्हातारी माणसं 'हैजा'च म्हणायची. निजामाच्या राज्यात वाढलेली ती.

सेलूकर:
तो उर्दू शब्द, मराठी नव्हे.

उमरगेकर:
तालुका, जिल्हा, तहसील हेही मग परत करायचे का? ज्या शब्दानं माझ्या आजोबांनी दोन भावांचं मरण सांगितलं, तो मला परका नाही.

दुधनाकाठ:
आजी भांडणात 'तुला पटकी येवो' म्हणायची. 'हैजा येवो' असं कुणी ऐकलंय का?