सावंतवाडीच्या राजवाड्यात राहायचंय, आईबाबांना घेऊन

मुग्धा_ठाणे:
नमस्कार मंडळी, जानेवारीत आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. आईचं आजोळ सावंतवाडी, मे महिन्याच्या सुट्टीत मोती तलावाला फेरी मारताना समोरचा राजवाडा ती कायम लांबूनच बघायची, आत काय असेल ह्याच्या गोष्टी तिची आजी रचून सांगायची म्हणे. आता तिथल्या आवारातच हॉटेल केलंय हे कळल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. पण नवरा म्हणतो एवढ्या पैशात समुद्राजवळ तीन दिवसांचा होमस्टे होईल. शिवाय बाबांचे गुडघे दुखतात. कोणी राहिलंय का?

तलावाकाठचा:
आम्ही भावंडं एक रात्र राहिलो होतो. खोल्या थोड्याच आहेत, सजावट गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळाच्या पत्त्यांच्या, चित्रांची. पण मला विचाराल तर खरं बघायचं ते दरबार हॉलमध्ये, तिथे कारागीर बसून गंजिफा रंगवत असतात. गोल पत्ते, दशावतारी संचात 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, त्यात एक राजा एक वजीर आणि बाकी एक्क्यापासून दश्शीपर्यंत. ही कला जवळजवळ संपलीच होती हो, इथले राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती परत उभी केली, त्यामुळे तिथे दिलेले पैसे मला जड वाटले नाहीत. तुमच्या आईंना तिथे तासभर निवांत बसू द्या, घाई करू नका.

चिरेबंदी:
मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो म्हणून वेगळं सांगतो. राजवाडा जांभ्या चिऱ्याचा आहे. चिरा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो, वर चुन्याचा गिलावा असेल तर भिंत सुकते, पण बरेच लोक डागडुजी करताना सिमेंट मारतात आणि वर ऑइलपेंट, मग ओल आतच अडकते आणि पापुद्रे सुटतात. एका दुसऱ्या गावातल्या वाड्यात मी भर जुलैत राहिलो, दिसायला सुंदर, पण कपाटातल्या चादरीसुद्धा कुबट लागत होत्या, रात्रभर आईला खोकला. जानेवारीत तुम्हाला हा त्रास नाही. फोन करून तळमजल्याची खोली आणि बाथरूमला धरायला दांडा आहे का एवढं नक्की विचारा, जुन्या इमारतीत उंबरे उंच असतात, गुडघ्यांना तेच नडतं.

माहेरवाशीण:
मुग्धाताई, येतलास तर दोन रात्री तरी रवा. समुद्र खय पळान जाता? तुतारी एक्स्प्रेसने या, स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. चितार आळीत लाकडी खेळणी बघा, पूर्वी ती पांगाऱ्याच्या लाकडाची करत, हलकं असतं. माझ्या लेकीची भातुकली तिथलीच, अजून रंग गेला नाही.

मुग्धा_ठाणे:
खूप आभार सगळ्यांचे! नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं, तो दोन रात्रींना तयार झाला. तळमजल्याचं उद्याच विचारते. आईला अजून सांगितलं नाहीये, फक्त तुतारीचं तिकीट दाखवणार आहे, सावंतवाडी वाचलं की ती आजीच्या गोष्टी स्वतःच सुरू करेल.