'क्रौंचवध'ची जुनी प्रत पहिल्या आवृत्तीची आहे का, हे कसे ठरवावे?

नमस्कार. कोल्हापुरातील आम्ही काही पुस्तकप्रेमी मिळून स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या शोधत असतो. रद्दीची दुकाने, बंद पडत आलेली वाचनालये आणि जुन्या घरांचे माळे येथे हा शोध चालतो, आणि गरज पडल्यास गडहिंग्लज, निपाणी, सांगलीपर्यंतही जाणे होते. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरास राहण्यास आले, त्यामुळे त्यानंतरच्या त्यांच्या कादंबऱ्यांविषयी आम्हा सर्वांना विशेष जिव्हाळा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत अनेक घरांतील पुस्तके भिजून गेल्यापासून हे काम लांबणीवर टाकू नये, असेही आम्हाला तीव्रतेने वाटते.

नुकतीच शिवाजी पेठेतील एका घरातून खांडेकरांच्या 'क्रौंचवध' या कादंबरीची एक प्रत आम्हाला मिळाली. तिचे मुखपृष्ठ आणि शीर्षकपृष्ठ दोन्ही नाहीत. कोणत्या तरी वाचनालयाने जाड पुठ्ठ्यात नव्याने बांधणी करून घेतली, तेव्हाच ती पाने गेली असावीत. ही कादंबरी प्रथम १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली, एवढे निश्चित आहे. प्रश्न आहे तो आमच्या हातातील प्रत कोणत्या छपाईची, हा.

प्रतीमधूनच जे समजते ते असे. मजकुरात 'तें', 'फुलें', 'नाहीं' असे जुन्या पद्धतीचे अनुस्वार सर्वत्र आहेत, म्हणजे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीची ही अक्षरजुळणी आहे. शेवटच्या पानावरील जाहिरातीत किमती रुपये-आण्यांत आहेत, आणि दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्यामुळे काळ आणखी मागे जातो. त्याच पानावर लेखकाच्या कादंबऱ्यांची यादी आहे. तीत 'जळलेला मोहर' (१९४१) आहे, परंतु 'अश्रू' (१९५४) नाही. येथे मात्र आमचा तर्क थांबतो, कारण 'क्रौंचवध'नंतर 'अश्रू' येईपर्यंत खांडेकरांची नवी कादंबरी आली नाही, आणि त्यामुळे मधल्या काळातील पुनर्मुद्रणातही हीच यादी जशीच्या तशी असू शकते.

यावर एक उपाय सुचतो, पण त्यासाठी आपली मदत हवी. त्या काळी खिळ्यांची (छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांची) जुळणी हाताने होत असे, आणि छपाई संपली की ती जुळणी बहुधा मोडून खिळे पुढच्या कामाला घेतले जात. दुसरी आवृत्ती नव्याने जुळवली गेली असेल, तर ओळी वेगळ्या शब्दांवर तुटतात, पृष्ठसंख्या थोडी बदलते आणि मुद्रणदोषही वेगळे असतात. ज्यांच्याकडे शीर्षकपृष्ठासह पहिल्या आवृत्तीची प्रत असेल, त्यांनी तिची एकूण पृष्ठसंख्या, मुद्रकाचे नाव आणि पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र दिल्यास आम्ही ओळीओळीने ताडून पाहू शकू. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठातील खांडेकर स्मृती संग्रहालयात आम्ही चौकशी करणारच आहोत, तरीही खासगी संग्रहातील प्रत अधिक उपयोगी पडेल, कारण वाचनालयांच्या प्रतींची बहुतेक वेळा अशीच नवी बांधणी झालेली असते.

आणखी दोन बाबतींत जाणकारांचा सल्ला हवा आहे. पहिली, बांधणीची. आमच्यातील काहींच्या मते हा पुठ्ठा काढून कापडी बांधणी करावी. मला ते पटत नाही, कारण बांधणी करताना तिन्ही कडा छाटल्या जातात आणि समास कमी झाला की मूळ आकारही कळत नाही. कागद पिवळा पडून दुमडताना तुटू लागला आहे, तेव्हा बांधणीला हात न लावता तो कसा जपावा? चिकटपट्टी आम्ही वापरणार नाही.

दुसरी बाब शिक्क्याची. आत एका वाचनालयाचा फिकट झालेला गोल शिक्का आहे, परंतु पुस्तक बाद केल्याची नोंद कोठेही दिसत नाही. गावाचे नाव अर्धवट वाचता येते. ते वाचनालय आजही चालू असेल, तर प्रत त्यांची आहे असे मानून आधी त्यांना विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा प्रसंगी आपण काय करता, आणि बंद पडलेल्या वाचनालयाच्या दप्तराची चौकशी कोठे करावी, हे कृपया सांगावे. शिक्क्याचे आणि शेवटच्या पानाचे छायाचित्र मागितल्यास लगेच देतो.