लाल रंग खडूसारखा पांढुरका पडलाय, पॉलिशने परत येईल का?

लालगाडी:
बारा वर्षांची हॅचबॅक, सॉलिड लाल रंग, बराच काळ उघड्यावर उभी. एक मागचं दार सोडलं तर दारं ठीक आहेत. बॉनेट आणि टप मात्र पांढुरके झालेत, बोट फिरवलं की बोटाला लाल भुकटी लागते. मागच्या दारावर तळहाताएवढ्या जागेत पापुद्रे सुटलेत. माझ्याकडे डीए पॉलिशर (पॅड फिरवत-हलवत घासणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन), पाच इंची फोमचे दोन पॅड, मध्यम कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) आणि फिनिशिंग पॉलिश आहे. आधी २००० च्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासून घ्यावं का? आणि शेवटी सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा कडक संरक्षक थर) केलं तर चालेल का?

मायक्रॉन:
पॉलिशपेपर आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या गाडीवर दोन वेगळ्या प्रकारचे रंग दिसतायत, ते आधी ओळखा.

बोटाला लाल लागतंय, म्हणजे बॉनेट आणि टपावर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर नाही, तो सिंगल स्टेज रंग आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातली राळ खाल्ली की रंगद्रव्य मोकळं होतं, तीच ही भुकटी. खाली बहुतेक वेळा चांगला रंग शिल्लक असतो, त्यामुळे असा रंग फार सुंदर परत येतो. मागच्या दाराचं उलट आहे. सुटलेला पापुद्रा पारदर्शक असेल तर ते दार नंतर कधीतरी बेस कोट (खालचा रंगाचा थर) आणि क्लिअर कोट मारून रंगवलेलं असणार. सुटलेला क्लिअर कोट कुठल्याही पॉलिशने परत चिकटत नाही. त्याच्या कडेवर मशीन फिरवलं तर पापुद्रा आणखी पसरतो. ते दार रंगवूनच घ्यावं लागेल.

खात्रीसाठी प्रत्येक पॅनेलवर आडजागी पांढऱ्या फडक्याला थोडं पॉलिश लावून हाताने चोळा. फडकं लाल झालं तर सिंगल स्टेज, मळकट राखाडी राहिलं तर वर क्लिअर कोट.

जाडी मोजायचा गेज मिळाला तर जरूर वापरा. कारखान्यातून आलेला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा ८० च्या खाली गेला तर तिथे मशीन नको, हाताने फिनिशिंग पॉलिश एवढंच करा. आकडा एकदम कित्येक पट वाढला तर खाली पुटी भरलेली असते. साधा गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

ओलंफडकं:
मशीनच्या आधीची तयारी नीट झाली नाही तर पुढे पॉलिश करताना रंगावर नवे चरे पडतील. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. टपापासून सुरुवात करून खाली या, दारांचा खालचा भाग शेवटी. मग आयर्न रिमूव्हर मारा, ब्रेकची लोखंडी धूळ विरघळली की जांभळे ओघळ येतात. सुकू न देता धुऊन टाका.

नंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटं फिरवा. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर असेल तिथे क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर ल्युब्रिकंट मारून, सरळ रेषेत, न दाबता. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका. शेवटी रबरी पट्ट्या, काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडांवर मास्किंग टेप. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि प्राइमर तिथेच आधी उघडा पडतो.

पॅडबदला:
वरच्या दोघांशी सहमत. फक्त दोन पॅडवर हे काम होणार नाही. सिंगल स्टेजचा मेलेला रंग पॅडमध्ये भरतो, पॅड जड होतो आणि कापायचा थांबतो. मध्यम फोमचे निदान पाच-सहा ठेवा, फिनिशिंगचे दोन.

सावलीत, थंड पत्र्यावर दोन फूट बाय दोन फुटांचा एक चौकोन आधी करून बघा. सुरुवात फिनिशिंग पॉलिशने करा. पुरलं नाही तरच कंपाउंड. नव्या पॅडला पाच-सहा थेंब, पुढे दर चौकोनाला तीन-चार. मशीन बंद असतानाच पॅड टेकवा. मशीनच्या वेगाच्या १ नंबरवर पॉलिश पसरवा, मग ४ ते ५ वर हळू सरका, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. आधी आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढलेली. असे चार ते सहा फेरे पुरे. चौकोन झाला की ब्रशने पॅड झाडा.

पुसल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल १५ टक्क्यांपर्यंत पातळ करून हलकेच फिरवा. पॉलिशमधलं तेल चरे झाकतं, ते निघाल्यावर खरी अवस्था दिसते. नख अडकेल एवढा खोल ओरखडा मात्र राहू द्या. तो काढण्याच्या नादात रंग भेदला जातो.

लालगाडी:
टपावर एक चौकोन करून पाहिला. रंग उजळला, पण पॅड मध्येच फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो.

पॅडबदला:
बॅकिंग प्लेटच्या (पॅड ज्यावर बसतो त्या चकतीच्या) कडेवर मार्करने एक रेघ ओढा, पॅड फिरतोय की नाही ते नजरेला दिसेल. थांबला तर आधी दाब कमी करा, मशीनचं वजन आणि हाताचा हलका आधार एवढंच हवं. तरी थांबला तर पॅड भरलाय, बदला. टपाच्या गोलाईवर पॅड तिरका बसला तरी हेच होतं.

मायक्रॉन:
कोटिंगबद्दल. सिरॅमिक खालचे चरे भरत नाही, आहे तसं बंद करून ठेवतं. शिवाय मेणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर नीट धरत नाही. सिंगल स्टेजवर माझं मत साध्या मेणाच्या बाजूने आहे. हा रंग पुन्हा पांढुरका पडू लागतोच, तेव्हा वरचं मेण काढून हलकं पॉलिश करणं सोपं जातं. कोटिंग असेल तर आधी तेच कापावं लागतं. मेण अगदी पातळ लावा, दर दोन-तीन महिन्यांनी. फडक्यावर लाल डाग दिसला तर घाबरू नका, सिंगल स्टेजला तो येतोच.