मदत हवी आहे: दारू सोडलेल्यांसाठी किद्दुश आणि मलिदा

बेने इस्रायल (कोकण-मुंबईतले मराठी ज्यू) कुटुंबांसाठी, दारू सोडलेल्यांना झेपेल असा कृतज्ञतेचा दिनक्रम बसवतो आहोत. जाग येताच अंथरुणातच ‘मोदे आनी’ (जाग आल्याबद्दल देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना); मग चहा-पाण्याच्या पहिल्या घोटाआधी थांबून बेराखा (देवाची स्तुती करणारं छोटं आशीर्वचन). रोज 100 बेराखांची परंपरा आहे खरी, पण नवख्याला तीन पुरे, नाहीतर नुसती पोपटपंची.

अडतंय ते शुक्रवारच्या किद्दुशला, म्हणजे शब्बाथ सुरू होताना वाइनच्या पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला. मनुकांचं शरबत आपल्याकडे चालतंच, पण मुंबईच्या उकाड्यात मनुका दोन-तीन दिवस भिजल्या की पाणी आंबतं, वर फेस धरतो, म्हणजे अल्कोहोल आलंच. रात्रभर फ्रिजमध्ये भिजवून, कुस्करून गाळलेलं चालेल, की उकळूनच घ्यावं? आणि मलिद्याचा (एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावानं गोड पोहे-फळं ठेवून करायचा) नवस वर्षभर दारू सुटल्यावरच फेडावा, की आधी केला तरी चालतो? जाणकार हझानांनी (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांनी) सांगावं.