जंगलातला माग वाचायला स्वतःहून कसं शिकावं?

पहाटवारा:
नमस्कार मंडळी. पक्षी बघायला रानात जाणं बरीच वर्षं चालू आहे, पण हल्ली नजर झाडावर कमी आणि वाटेवर जास्त असते. पाणवठ्याच्या कडेला ठसे असतात, खडकावर विष्ठा असते, कुठे झाडाची साल कमरेच्या उंचीवर सोललेली दिसते. फोटो काढते आणि घरी येऊन चित्रांशी ताडून बघते. चित्रातला पंजा रेखीव असतो, माझ्या फोटोतला अर्धवट. चिखलात एक मोठा पंजा मिळाला होता, चार बोटं, नखं पुसट. एका जाणकारांनी बिबट्या सांगितलं, दुसऱ्यांनी तरस. मला नुसतं उत्तर नको, ते कसं काढायचं ते शिकायचंय. सोबत वाटाड्या नाही. आमच्याकडे सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, ससे आहेत, क्वचित बिबट्या. सुरुवात कुठून करू?

मुरमाड:
आधी पंजाचं बघू. नखांवर निकाल देऊ नका. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो हे खरं, पण निसरड्या चिखलात तोल सावरताना ती उमटू शकतात, आणि कडक जमिनीवर कुत्र्याचीही नखं दिसत नाहीत. तळव्याची गादी बघा. मांजरकुळात तिच्या मागच्या कडेला तीन फुगीर भाग असतात आणि बोटं एका रेषेत नसतात, एक बोट इतरांपुढे असतं. त्यावरून पाय डावा की उजवा तेही कळतं. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. म्हणून एकाच ठशाचा फोटो पुरत नाही. बरोबर वरून, शेजारी पट्टी ठेवून एक काढा आणि मग उभं राहून पुढच्या पाचसहा पावलांची अख्खी रांग टिपा.

जुनी पायवाट:
मुरमाड यांनी रांगेचं सांगितलं, मी तिथूनच पुढे सुरू करते. माझं शिक्षण ज्यांच्यामागे फिरून झालं ते आजोबा ठशापाशी बसायचेच नाहीत. ते काठीच्या टोकाने पुढचं पाऊल दाखवायचे, मग त्याच्या पुढचं. जनावराचं नाव सगळ्यात शेवटी. मला आजही हाच क्रम बरोबर वाटतो, कारण नाव एकदा तोंडातून गेलं की डोळे त्याच नावाचे पुरावे गोळा करत बसतात.

पहिली सूचना: ताजा माग मिळाला की तो उलटा चाला, म्हणजे जनावर जिथून आलं तिकडे. हे मी कळकळीने सांगते. पुढे गेलात तर दोनच गोष्टी होतात. जनावर तुमची चाहूल लागून पळतं, किंवा पिल्लांसोबतच्या डुकरिणीसमोर तुम्ही दाट झुडपात उभे राहता. मागे गेलात तर तेवढंच शिकायला मिळतं आणि कुणाला त्रास होत नाही. कुठे पाणी प्यायलं, कुठे थबकलं, कुठे चाल बदलली, सगळं मागेच लिहिलेलं असतं.

दुसरी सूचना चालीची. मांजर आणि कोल्हा निवांत चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकतात, त्यामुळे चार पायांचं जनावर दोन पायांवर गेल्यासारखं दिसतं. वेग वाढला की मागचा पाय पुढच्याच्याही पुढे पडतो. अंदाज घेत हळू चाललं तर मागे राहतो. सशाचं वेगळंच. उडी मारताना पुढचे पाय एकामागे एक टेकतात आणि मागचे लांब पाय त्यांच्याही पुढे शेजारी शेजारी पडतात, म्हणजे मोठे ठसे ज्या बाजूला, त्या दिशेला ससा गेला. खारीचे पुढचे पाय मात्र जोडीने शेजारी पडतात. एवढ्यावरून दोघांची गफलत टळते. खुरांची टोकं जायच्या दिशेला असतात. हरणांचे पुढचे खूर मागच्यापेक्षा थोडे मोठे, डोकं आणि मान यांचा भार पुढे येतो म्हणून. डुकराच्या खुरामागे दोन बाजूंना आखूड नख्यांच्या खुणा बऱ्याचदा उमटतात, मऊ मातीत तर हमखास.

आता तुमची सोललेली साल. खाली वाकून कडा बघा. सांबर नर शिंगं घासतो तेव्हा सालीचे धागे लोंबतात, आतलं लाकूड गुळगुळीत होतं आणि दातांच्या खुणा नसतात. बुंध्याच्या पायथ्याशी जोडजोडीने रुंद दात उमटले असतील तर साळिंदर. कोवळ्या फांदीचं टोकही असंच बोलतं. सशाने खाल्लं असेल तर चाकूने तिरकं कापल्यासारखा स्वच्छ काप, हरणाने खाल्लं असेल तर टोक फाटलेलं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं. चिखलात लोळून डुक्कर झाडाला अंग घासतं तेव्हा वाळलेल्या चिखलाची उंची मोजा, त्याच्या उंचीचा अंदाज येतो.

विष्ठा उघड्या हाताने धरू नका. काडीने उकला. केस आणि हाडांचे तुकडे दिसले तर मांसाहारी, बियाच बिया असतील आणि खडकावर किंवा ओंडक्यावर पडलेली असेल तर उदमांजराचा विचार आधी करा. तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते, खाल्लेल्या हाडांमुळे.

यासाठी खूप रान फिरायची गरज नाही. एकच छोटा तुकडा धरा, पाणवठा आणि त्याला येणाऱ्या दोनतीन वाटा, आणि तिथेच परत परत जा. नवी जागा बघायचा मोह होतो, मला अजूनही होतो, पण ओळखीच्या वाटेवर काल नव्हतं ते आज लगेच टोचतं.

पहाटवारा:
जुनी पायवाट, मनापासून आभार. उलटा माग काढायचं सुचलंच नसतं. दोन शंका आहेत. ठसा रात्रीचा की चार दिवसांपूर्वीचा हे कसं ठरवायचं? आणि ठशांवरून तोच बिबट्या पुन्हा आला हे सांगता येतं का?

मुरमाड:
दुसऱ्या शंकेवर लिहितो. मोह मोठा आहे, पण जपून. १९६६ साली ओडिशात वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पंजाच्या ठशावरून वाघ मोजायची पद्धत आणली आणि १९७२ ची देशव्यापी व्याघ्रगणना त्याच पद्धतीने झाली. अनुभवी माणसं मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवर गिरवून घ्यायची. अडचण अशी की एकाच जनावराचा ठसा धुळीत, वाळूत आणि चिखलात वेगवेगळा उमटतो. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात वाघ उरलेच नाहीत हे उघड झालं, त्यानंतर ही पद्धत मागे पडली. २००६ पासून देशपातळीवर ट्रॅप कॅमेऱ्यांचा, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचा, आधार घेतला जातो, पट्ट्यांची किंवा ठिपक्यांची नक्षी दर जनावराची वेगळी असते म्हणून. ठशाची लांबी-रुंदी लिहून ठेवा, एखादं बोट तुटकं असेल तर तेही लिहा, पण ‘तोच’ हा शब्द वहीत नको.

टकाचोर:
सगळं जमिनीवर चाललंय म्हणून मी वर बघायला सांगतो, पहाटवारा यांना पक्षी येतातच. तुमच्या जागी पाठ झाडाला टेकून बसा. पहिला काही वेळ जंगल तुमच्याबद्दलच बोलत असतं, बुलबुल आणि सातभाई तुमच्यावरच ओरडतात. ते शांत होऊन पुन्हा चरायला लागले की खरं निरीक्षण सुरू होतं. मग कुणी दचकलं तर कारण दुसरं आहे. सातभाईंचा गलका एका जागी ठाम असेल तर खाली साप, मुंगूस किंवा बसलेलं घुबड असू शकतं. गलका झाडाझाडांवरून पुढे सरकत असेल तर काहीतरी चालतंय, आणि ते कोणत्या वाटेने जातंय हे तुम्हाला न दिसताही कळतं. भेकर एकदोनदा भुंकून गप्प झालं तर विशेष काही नसेलही, पण बराच वेळ भुंकत राहिलं तर त्या दिशेला बघत राहा आणि उठू नका. ते संपल्यावर, उशिराने, तिथली जमीन बघा. आवाज आणि ठसा एकाच प्रसंगाचे मिळाले की दोन्ही पक्के लक्षात बसतात.

जुनी पायवाट:
ठशाच्या वयाबद्दल. पुस्तकातला कोणताही ठोकताळा तुमच्या मातीला लागू पडत नाही, ऊन, वारा आणि ओल ठरवतात. म्हणून खऱ्या ठशाशेजारी स्वतःचा अंगठा दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही बघा, मग तिसऱ्या. कडा कधी ढासळल्या, तळाशी पाचोळा कधी साचला, मुंग्यांची वाट ठशावरून कधी गेली, हे त्याच मातीत कळतं. रात्री पाऊस झाला असेल तर फार सोपं. ठशात थेंबांचे खळगे असतील तर जनावर पावसाआधी गेलं, खळगे ठशाखाली दबले असतील तर नंतर. दव पडून गेलेल्या गवतावर गडद पट्टा दिसला तर तो पहाटेचाच.

उजेडाची एक गोष्ट राहिली. सकाळी किंवा संध्याकाळी जा आणि ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा. भर दुपारी सावलीच पडत नाही, समोरचा ठसाही सपाट दिसतो. ढगाळ दिवशी टॉर्च जमिनीलगत आडवा धरून बघा, पुसट कडाही वर येतात.