टी-शर्टवरची शाई पक्की करायला फ्लॅश, हीट प्रेस की कन्व्हेयर?

प्रश्न: सुती टी-शर्टवर प्लास्टिसोल (तापवून पक्की होणारी प्लास्टिकची शाई) छापतो, दिवसाला ४०-५० नग. क्युअर, म्हणजे शाई तापवून पक्की करणं, सध्या १६ × १६ इंची फ्लॅश ड्रायरवरच (वरून उष्णता देणारं सपाट पॅनल) होतं. छातीभर डिझाइन असलं की दोन-तीन धुण्यांत कडा सोलतात, मधला भाग शाबूत राहतो. पुढे पाण्याची शाईही सुरू करायची आहे. काय घ्यावं?

उत्तर १: कडांना पुरेशी उष्णता पोचत नाहीये. फ्लॅशचं पॅनल मध्यभागी जास्त तापतं, कडेला कमी. डिझाइनपेक्षा ते चारी बाजूंनी दोनेक इंच मोठं हवं. आणि प्लास्टिसोल वाळत नाही, शिजते. बोटाला चिकटत नाही म्हणजे फक्त जेल झाली, म्हणजे अर्धवट घट्ट, पक्की नाही. नेहमीच्या शाईला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतं, तेही थराच्या तळापर्यंत. इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) वरच्या पृष्ठभागाचाच आकडा दाखवते, त्यावर विसंबू नका. थर्मोकपलची (टेकवून तापमान मोजायच्या उपकरणाची) तार ओल्या शाईत टेकवून मोजा, मध्ये आणि कडेला वेगवेगळं. थंड झाल्यावर कापड ताणा. भेगा पडल्या तर शाई कच्ची आहे.

उत्तर २: एवढ्या नगांना प्लास्टिसोलसाठी हीट प्रेस (गरम पाट्याने दाबणारं यंत्र) पुरते. १६० अंश, अगदी हलका दाब, ३०-४० सेकंद, वर सिलिकॉन लावलेला कागद. आधी फ्लॅशखाली जेल करायलाच हवी, नाहीतर ओली शाई दाबाने पसरते आणि कागदाला उचलून येते. पफ इंक (तापल्यावर फुगणारी शाई) मात्र प्रेसखाली फुगणार नाही.

प्रश्नकर्ता: आणि पाण्याच्या शाईला?

उत्तर ३: तिथे गरम हवा खेळवणारा कन्व्हेयरच, म्हणजे तापलेल्या बोगद्यातून शर्ट नेणारा चालता पट्टा. पाणी उडून जाईपर्यंत शाई १०० अंशांच्या पुढे जातच नाही, आणि बंद प्रेसखाली वाफेला वाट नसते. घेताना पूर्ण पट्ट्याची लांबी पाहू नका, तापणारा बोगदा मोजा. समजा तो ९० सेंमी आहे. प्लास्टिसोलला आत १ मिनिट द्यायचं तर पट्टा मिनिटाला ९० सेंमी चालेल. ७५ सेंमीचा शर्ट आणि १५ सेंमी मोकळी जागा धरली तर तासाला ६० नग. पाण्याच्या शाईला ३ मिनिटं दिली की त्याच यंत्रावर २०. तुमच्या कामाला तेवढं चालेल.

उत्तर १: एक भर. दमट कापड आधी स्वतःतलं पाणी उडवण्यात उष्णता खातं, म्हणून पावसाळ्यात जुनी सेटिंग कमी पडते. छापण्याआधी रिकामा शर्ट काही सेकंद फ्लॅशखाली धरा. पॉलिस्टर आलं तर १६० वर नेऊ नका, कापडाचा रंग पांढऱ्या शाईत चढतो. कमी तापमानाला पिकणारी शाई वेगळी मिळते, ती घ्या.