घरच्या लॅबसाठी छोटा सर्व्हर: फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप, थिन क्लायंट की टायनी? सल्ला हवा

रात्रपाळी

चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर बांधायचा आहे. त्यावर इमिच (घरचा फोटो-संग्रह; फोटो-व्हिडिओ मिळून ६०० जीबी), होम असिस्टंट (स्मार्ट उपकरणं चालवायला), पाय-होल (जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता देणारा सर्व्हर) आणि शिकण्यापुरती प्रॉक्समॉक्सवर (एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारी प्रणाली) चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत. हाताशी रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) आणि स्क्रीन फुटलेला थिंकपॅड टी४८० (आय५-८२५०यू, ८ जीबी) आहे. जागा टीव्हीखालच्या कपाटात. गाव पुणे, घरात इन्व्हर्टर आहे. खर्च २० हजारांच्या आत बसावा.

पर्याय तीन दिसतात: टी४८०चाच सर्व्हर करणं, जुना डेल वाइज ५०७० थिन क्लायंट (ऑफिसातला कमी ताकदीचा छोटा पीसी), किंवा जुना लेनोवो एम७२०क्यू टायनी (पुस्तकाएवढा पीसी). शिवाय प्रयोगाला एखादा रिस्क-फाइव्ह (खुल्या रचनेच्या प्रोसेसरचा) बोर्ड हवा आहे. तयार एनएएस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) नको. जुनं यंत्र घेतल्यावर फोटो त्याच्या हवाली करण्याआधी काय काय तपासायचं, तेही कृपया सांगा.

सोल्डर_फ्लक्स

टी४८० घरात असताना वाइजवर पैसे घालू नका. वाइजमधला सेलेरॉन जे४१०५ पाय-होल आणि होम असिस्टंटला पुरून उरतो, पण इमिचचं चेहरे ओळखण्याचं काम सुरू झालं की त्याचा जीव मेटाकुटीला येतो. ८२५०यू मध्ये चार कोअर, आठ थ्रेड आहेत, रॅमच्या दोन खाचा आहेत, गिगाबिट लॅन अंगचंच आहे.

करायचं ते असं. बायोसमध्ये 'पॉवर ऑन विथ एसी अटॅच' चालू करा, म्हणजे बॅटरी संपून बंद पडलेलं यंत्र लाईट आली की आपोआप उठेल. लिनक्समधल्या लॉगिन-डीच्या सेटिंगमध्ये झाकणाच्या स्विचला 'इग्नोर' द्या, नाहीतर झाकण लावताच सर्व्हर झोपेल. स्क्रीन काढून टाकणार असाल तर आधी बायोसमधून आतली बॅटरी डिसेबल करा, मागची बॅटरी काढा, मगच पॅनलची केबल बोर्डावरून सोडवा. वायफायच्या अँटेना झाकणात असतात, झाकण उतरवलं की वायफाय लुळं पडतं. सर्व्हरला लॅनची केबलच लावा.

पाचव्होल्ट

वरच्या सल्ल्यात बॅटरीचा भाग जोडतो, कारण बंद कपाटात चोवीस तास चार्जिंगवर असलेली लिथियम बॅटरी फुगतेच, आज ना उद्या. थिंकपॅडवर लिनक्समधून चार्जिंगची मर्यादा ठरवता येते: ४० टक्क्यांवर सुरू, ६० वर बंद. टी४८०ला दोन बॅटऱ्या असतात. मागची काढून ठेवा, आतली २४ वॉट-अवरची राहू द्या. ती ठणठणीत असेल तर ६० टक्क्यांत साधारण १४ वॉट-अवर उरतात, म्हणजे १२ वॉटच्या भाराला तासभर. हा तुमचा फुकटचा यूपीएस.

महिन्यातून एकदा टचपॅड दाबून पाहा. तो कडक लागला, क्लिक होईना, किंवा तळाचं झाकण एका कोपऱ्यात उचललेलं दिसलं तर बॅटरी त्याच दिवशी काढा. टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. आणि कपाटाच्या मागच्या फळीला वर आणि खाली दोन भोकं पाडा. एकाच भोकाने हवा खेळत नाही.

डावखुरा

टी४८०ला माझा विरोध नाही, पण ६०० जीबी फोटोंसाठी दोन डिस्कचा आरसा (दोन्हींवर तीच प्रत) हवा आणि तिथेच घोडं पेंड खातं. टी४८०च्या मुख्य जागेत २.५ इंची साटा एसएसडी किंवा (वेगळा ब्रॅकेट लावून) एनव्हीएमई म्हणजे काडीसारखी वेगवान एसएसडी, यांपैकी एकच बसते. दुसरी डिस्क मोडेमच्या खाचेत जाते, ती २२४२ (४२ मिमी) लांबीची आणि बी+एम खाचांची एनव्हीएमईच लागते. नेहमीची २२८० (८० मिमी) तिथे मावत नाही. एम७२०क्यू मध्ये २२८० एनव्हीएमई अधिक २.५ इंची साटा, दोन्ही सरळ बसतात. म्हणून यंत्र घ्यायचंच तर एम७२०क्यू, आय५-८५००टी वाला: सहा कोअर, ३५ वॉट, रिकामा असताना १० वॉटच्या आसपास.

घेताना पुढच्या गोष्टी डोक्यात ठेवा.

पीसीआय कार्डासाठी रायझर (जोडपट्टी, क्रमांक ०१एजे९४०) लावला की २.५ इंची डिस्कची जागा जाते. दोन्ही एकदम मिळत नाही. वेगवान लॅन हवंच असेल तर वायफायच्या खाचेत ए+ई प्रकारचं २.५ गिगाबिटचं कार्ड बसवा, रायझरची गरज राहत नाही.

अडॅप्टर लेनोवोचा २० व्होल्ट, ६५ वॉटचा, चौकोनी टोकाचा. टोकातल्या मधल्या पिनवरून यंत्र अडॅप्टर ओळखतं. बदली टोकाचा स्वस्त अडॅप्टर ओळखला गेला नाही तर प्रोसेसर वेग दाबून चालतो आणि दोष प्रोसेसरचा वाटतो. डेलच्या गोल पिनचंही असंच.

लॅन इंटेल आय२१९ आहे. प्रॉक्समॉक्सवर मोठी फाइल चालू असताना नेटवर्क अचानक गप्प होऊन लॉगमध्ये 'हार्डवेअर युनिट हँग' दिसलं, तर ईथटूल या कमांडने टीएसओ आणि जीएसओ (डेटाचे तुकडे पाडणं पुढे ढकलणाऱ्या सोयी) बंद करा आणि ते इंटरफेसच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर पुन्हा तेच. टी४८०लाही हीच लॅन चिप, तेव्हा हे तिथेही लागू.

आरसा झेडएफएसचा (डेटा बिघडला तर ओळखणारी फाइल सिस्टम) करा. प्रॉक्समॉक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'एचडीसाइझ' ९०० जीबी द्या. '१ टीबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या डिस्क तंतोतंत सारख्या नसतात. पुढे एक मेली आणि बदली डिस्क काही मेगाबाइटनी लहान निघाली, तर ती आरशात बसतच नाही.

रात्रपाळी

धन्यवाद. एम७२०क्यू कडे कल झुकतोय. ४ टीबीच्या दोन ३.५ इंची डिस्क पडून आहेत. एम.२ (एनव्हीएमईच्या) खाचेत साटाचं कार्ड लावून त्या जोडता येतील का? आणि तपासणीचा क्रम?

सोल्डर_फ्लक्स

जोडता येतील. जोडू नका, असं माझं मत. ६०० जीबीला त्यांची गरज नाही, आणि अडचण डेटाच्या वायरीची नाही, विजेची आहे. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर एकेक डिस्क सुमारे २ अँपिअर ओढते. दोन मिळून ४ अँपिअर, अधिक ५ व्होल्टचा वेगळा भार. एम७२०क्यू मधून १२ व्होल्ट बाहेर काढायची सोय नाही, म्हणजे वेगळा अडॅप्टर आला. मग लाईट आल्यावर यंत्र आधी उठतं की डिस्क आधी, यावर आरसा सापडणार की नाही हे ठरतं.

तरी करायचंच असेल तर एएसएम११६६ किंवा जेएमबी५८५ चिपचं कार्ड घ्या. पोर्ट मल्टिप्लायरचं (एका पोर्टाचे अनेक करणारी जेएमबी५७५ चिप) झेडएफएसला लावू नका. एका डिस्कची चूक आली की सगळ्या पोर्टांचा रीसेट होतो. मोलेक्सवरून साटाची वीज देताना ओतीव प्लास्टिकच्या टोकाची केबल टाळा, आत वायरी एकमेकींना टेकून जळतात. दाबून बसवलेल्या वायरींची घ्या. त्यापेक्षा एक डिस्क यूएसबी डब्यात घाला, आठवड्याला बॅकअप घ्या आणि एरवी केबल काढून कपाटात ठेवा. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. फोटो चुकून पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून एकदम जातो.

तपास_नाका

तपासणीचं मी सांगतो. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

दुकानातच, पैसे देण्याआधी: बायोसमध्ये शिरता येतं का पाहा. ऑफिसातून निघालेल्या यंत्रांवर पासवर्ड राहिलेला असतो. (वाइज घेतलात तर कारखान्यातून येतो तो पासवर्ड 'फायरपोर्ट', पहिलं अक्षर मोठं.) कॉम्प्युट्रेस (चोरीला गेलेलं यंत्र शोधायची सोय) 'ॲक्टिव्हेटेड' दिसलं तर ते यंत्र सोडून द्या. लॅनला केबल लावून दिवा लागतो ना ते पाहा. पुण्याची तपकीर गल्ली असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दहा मिनिटं तपासू न देणाऱ्याकडून घेऊ नका.

घरी आणल्यावर पहिलं काम सीआर२०३२ सेल बदलणं. जुना सेल उतरला की लाईट गेल्यावर बायोसची सेटिंगं जातात, आणि नेमकं 'आफ्टर पॉवर लॉस: पॉवर ऑन' हेच सेटिंग तुम्हाला हवं असतं. मग पंखा उघडून धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

मग रॅम. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या, म्हणजे रात्रभर. एकही चूक चालत नाही. चूक आली तर एकेक काडी वेगळी लावून पाहा. काडी एका खाचेत नापास आणि दुसऱ्या खाचेत पास झाली तर आधी सोनेरी टोकं पुसा आणि पुन्हा बघा. रॅम पास होईपर्यंत डिस्कला हात लावू नका. खराब रॅमवर झेडएफएस चुकीचा डेटा अगदी बरोबर चेकसमसकट (पडताळणीच्या आकड्यासकट) लिहून ठेवतं, आणि नंतर ते ओळखायला कुठलीच खूण उरत नाही.

पुढे उष्णता. स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) सगळ्या कोअरवर तासभर, तुमच्या कपाटात, दार लावून. टेबलावरची चाचणी इथे निरुपयोगी आहे. टर्बोस्टॅटमध्ये तापमान, वेग आणि वॉट हे तिन्ही आकडे एकत्र बघा. साधारण अर्ध्या मिनिटानंतर वेग उतरून वॉट ३५ला स्थिरावले तर तो दोष नव्हे, ८५००टीची मर्यादाच ती आहे. वॉट ३५च्या बरेच खाली आणि तापमान शंभरीकडे, असं दिसलं तर पेस्ट किंवा हवा. वॉट खाली आणि तापमानही कमी, तर अडॅप्टर ओळखला गेलेला नाही.

डिस्क नवी असली तरी तपासा. एफ३ ने पूर्ण भरून परत वाचून पाहा, खोट्या क्षमतेच्या एसएसडी आणि कार्डं यातच उघडी पडतात. जुन्या हार्ड डिस्कवर स्मार्टसीटीएलमध्ये ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढचे (खराब सेक्टरचे) आकडे शून्य हवेत. १९९ पुढचा (जोडणीतल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला. मग बॅडब्लॉक्स (डिस्कभर लिहून परत वाचणारी चाचणी) लिहिण्याच्या मोडमध्ये. सगळा डेटा पुसला जातो आणि ४ टीबीला काही दिवस लागतात, ते लागू द्या.

नेटवर्कचा वेग मोजायला आयपर्फ३, दोन्ही दिशांनी. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो. ९४ आला तर केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली आहे आणि जोडणी १०० वर उतरली आहे. यंत्राचा काही संबंध नाही.

शेवटी वीज. आरशावर एफआयओने (डिस्कवर भार टाकणारा प्रोग्राम) लिहिणं चालू असताना सरळ प्लग उपटा. हे दहा वेळा करा, अर्थात खरा डेटा टाकण्याआधी. दर वेळी यंत्र आपोआप उठलं पाहिजे, पूल (झेडएफएसचा डिस्कसमूह) 'ऑनलाइन' दिसला पाहिजे आणि स्क्रबमध्ये (सगळ्या डेटाच्या पडताळणीत) शून्य चुका आल्या पाहिजेत. यात नापास झालेली एसएसडी परत करा, तिच्यात फोटो ठेवू नका.

पाचव्होल्ट

प्लग उपटण्याची चाचणी झाली की इन्व्हर्टरचीही करा. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा 'यूपीएस' मोडचं बटण असतं. त्यात बदल साधारण १० मिलिसेकंदात होतो, साध्या मोडमध्ये त्याहून बराच उशीर. अडॅप्टरच्या कपॅसिटरमध्ये १०-२० मिलिसेकंदाचाच श्वास असतो, म्हणून साध्या मोडमध्ये ट्यूबलाइट नुसती मिचकते आणि सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो. चाचणी पूर्ण भारावर करा. रिकाम्या यंत्रावर कपॅसिटर जास्त पुरतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

राऊटर आणि ओएनटी (फायबरचा डबा) विसरू नका. त्यांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. तो एम७२०क्यूला चालणार नाही, त्याला २० व्होल्ट लागतात.

पाय ४ बद्दल: ५ व्होल्टला बारीक केबल मारक. २८ गेजच्या मीटरभर वायरीत जाऊन-येऊन ०.४ ओहमच्या वर रोध असतो. ३ अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. २० गेजला हाच तोटा ०.२ व्होल्ट. पायवर व्हीसीजेनकमांडने थ्रॉटल (वीज कमी पडून वा तापून दाबलेला वेग) तपासताना शून्याशिवाय काहीही दिसलं तर आधी केबल, मग अडॅप्टर.

वीजबिलाचा हिशोब सोपा आहे: सतत चालणारे दर १० वॉट म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट. तुमच्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर लावून बघा.

डावखुरा

रिस्क-फाइव्हचं राहिलं. व्हिजनफाइव्ह २ घ्या, ८ जीबीचा. जेएच७११० चिप, १.५ गिगाहर्ट्झचे चार कोअर, एनव्हीएमईची खाच. यात व्हेक्टर सूचना (अनेक आकड्यांवर एकदम काम करणाऱ्या) नाहीत, आणि उबुंटू २५.१० पासून आरव्हीए२३ (त्या सूचना सक्तीच्या करणारा प्रमाण संच) लागतं, म्हणून २४.०४ वर राहा किंवा डेबियन घ्या. कंटेनर (तयार बांधलेले प्रोग्राम) सगळे मिळणार नाहीत, बरेच जण या जातीसाठी इमेज बनवतच नाहीत. त्यामुळे घरातलं कुठलंही रोजचं काम यावर ठेवू नका.

सोबत ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर घ्याच. पिन ६ ग्राउंड, ८ टीएक्स (पाठवणारी), १० आरएक्स (घेणारी), वेग ११५२००. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. अडॅप्टरची लाल वायर मोकळी सोडा. पडदा काळा राहिला की सिरीयलवर काय छापलं जातंय तेवढाच पुरावा हाती असतो. बहुतेक वेळा जुनं फर्मवेअर किंवा बूटचे छोटे स्विच चुकलेले असतात.

सी-डॅकचा एरीज बोर्डही कुणी सुचवेल. त्यांचा वेगा प्रोसेसर शिकायला तो चांगला आहे, पण त्यातली थेजस३२ चिप मायक्रोकंट्रोलरच्या वर्गातली, २५६ केबी एसरॅमची. लिनक्स त्यावर चालत नाही.

रात्रपाळी

ठरलं, एम७२०क्यू. टी४८० व्हर्च्युअल मशीनच्या प्रयोगांना. पाय ४ मग रिकामाच राहतो का?

सोल्डर_फ्लक्स

नाही, पाय-होल त्याच्यावरच ठेवा. सर्व्हरवर ठेवलंत तर प्रॉक्समॉक्स अपडेट करताना घरातलं सगळं इंटरनेट बंद. राऊटरमध्ये 'दुसरा डीएनएस' म्हणून बाहेरचा पत्ता भरू नका. उपकरणं तो अडीअडचणीलाच वापरतात असं नाही, अधूनमधून वापरतात, आणि जाहिराती तिथून शिरतात. दुसरा हवा तर दुसरं पाय-होल, टी४८० वर.

झिगबीची (स्मार्ट सेन्सरच्या वायरलेस जाळ्याची) काडी पायलाच लावा, पण मीटरभर यूएसबी एक्स्टेंशनवर, यूएसबी ३च्या डिस्कपासून लांब. यूएसबी ३ची गडबड २.४ गिगाहर्ट्झवर पडते आणि सेन्सर गळतात. आणि सर्व्हर ज्या स्मार्ट प्लगवर लावाल तो होम असिस्टंटशिवायही, थेट त्याच्या बटणाने बंद-चालू होणारा घ्या.